जिताडा: खाडीचा की तळ्याचा?

नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात दोन जिताडे शेजारी ठेवून बघा. खाडीच्या तोंडाशी, समुद्राजवळ धरलेला चांदीसारखा चकाकतो, पाठ हिरवट-राखाडी. गोड्या किंवा मचूळ पाण्याच्या तळ्यातला काळपट-तपकिरी, पोटाकडे पिवळसर झाक. जात एकच. गिऱ्हाईक काळ्याला शिळा समजून पुढे जातं, ते चुकतं.

कातडीत काळ्या रंगद्रव्याच्या पेशी असतात. तळ काळ्या चिखलाचा, उजेड कमी, की रंगद्रव्य पेशीभर पसरतं आणि मासा काळवंडतो. काही आठवडे तसेच गेले तर या पेशींची संख्याच वाढते. उजळ पाण्यात रंगद्रव्य पेशीच्या मध्यभागी आखडतं आणि कातडीतल्या ग्वानिन या चकाकत्या पदार्थाच्या स्फटिकांची चमक वर येते. पिल्लं मात्र तपकिरी ठिपक्यांची असतात, डोक्यावर पांढरा पट्टा.

म्हणून ताजेपणा रंगावर ठरवू नका. कल्ला उचला: लालभडक हवा. डोळा फुगीर, बोट दाबलं तर खळगा राहू नये.

चवीत खाडीचाच सरस. तळ्यातल्याला कधी चिखलाचा वास येतो, तो पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या जिओस्मिनचा. तुकड्या चिंचेच्या कोळात वीसेक मिनिटं ठेवल्या की बराच कमी होतो. नुसत्या हळद-मिठाने जात नाही.