आयटी सपोर्ट बाहेर दिला, त्याला अकरा महिने झाले

आमचं ऑफिस चौदा जणांचं. सतरा कॉम्प्युटर, एक छोटा सर्व्हर, दोन प्रिंटर आणि बाकी सगळा कारभार ईमेलवर आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर. एवढ्यासाठी पूर्णवेळ आयटीचा माणूस ठेवणं परवडत नाही, आणि ठेवला तरी त्याला दिवसभर पुरेल इतकं काम नसतं. मग ज्याला त्यातलं थोडंफार कळतं त्याच्या गळ्यात ते पडतं. आमच्याकडे ते हिशेब बघणाऱ्या सहकाऱ्याच्या गळ्यात पडलं होतं. प्रिंटर अडला की त्याला हाक, पासवर्ड विसरला की त्याला हाक. महिनाअखेरीला तो रात्री उशिरापर्यंत बसायचा, कारण दिवस दुसऱ्यांच्या मशीनवर गेलेला असायचा. यात काहीतरी चुकतंय हे मला सर्व्हरची डिस्क गेली तेव्हा कळलं.

बॅकअपची एक्स्टर्नल ड्राइव्ह जोडलेली होती, तिचा दिवाही लुकलुकत होता. पण शेवटची धड कॉपी निघाली चार महिन्यांपूर्वीची. मधल्या नोंदी आम्ही कागदांवरून आणि जुन्या मेलमधून शोधून परत भरल्या. त्यानंतर महिन्याभरात एका कंपनीशी करार केला. तिचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते अशा कुठल्याही कंपनीशी करार करताना उपयोगी पडेल.

पहिले तीन आठवडे त्यांनी जवळजवळ काहीच दुरुस्त केलं नाही, फक्त मोजदाद केली. कुठलं मशीन कुणाकडे आहे, त्यात काय टाकलंय, कुठलं लायसन्स कधी संपतंय, राउटरचा पासवर्ड कुणाला माहीत आहे. तेव्हा मला वाटलं, हे पैसे कसले घेतायत? आज विचाराल तर पूर्ण वर्षातलं सगळ्यांत मोलाचं काम तेच होतं. नोकरी सोडून गेलेल्या दोघांची मेल खाती अजून चालू होती. राउटरवर कारखान्यातून आलेलाच पासवर्ड होता. पाच मशीनवर विंडोज १० होतं आणि ती विंडोज ११ घेऊ शकत नव्हती, कारण त्यासाठी लागणारी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप त्यांत नव्हती. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे ती मशीन बदलायचीच होती. यादी हातात असल्यामुळे कुठलं आधी बदलायचं हे अर्ध्या तासात ठरलं.

त्याच यादीतून सगळ्यांत त्रासदायक गोष्ट निघाली. आमच्या वेबसाइटचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, आमच्या नावावर नव्हतंच. ज्यांनी पूर्वी वेबसाइट करून दिली त्यांनी ते स्वतःच्या खात्यातून नोंदवलं होतं. आमचे सगळे ईमेल त्याच डोमेनवर. त्यांनी नूतनीकरण करायचं विसरलं असतं तर वेबसाइटबरोबर मेलही बंद पडली असती. डोमेन आमच्या नावावर यायला कित्येक आठवडे आणि असंख्य फोन लागले. कुणाचा वाईट हेतू होता असं मी म्हणणार नाही, पण तेव्हापासून एक नियम केला. डोमेन, मेलचं मुख्य ॲडमिन खातं, क्लाउडचं खातं आणि लायसन्स आमच्याच नावावर आणि आमच्याच ईमेलवर राहणार. सपोर्ट कंपनीला काम करायला लागेल तेवढा ॲक्सेस मिळतो. मुख्य पासवर्ड आमच्या तिजोरीतल्या बंद पाकिटातही असतो आणि बदलला की पाकीटही बदलतं.

रोजच्या तक्रारींबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तिकीट टाकायचं, म्हणजे तक्रार नोंदवायची, कुणीतरी रिमोट घेतं, म्हणजे लांबूनच आपलं मशीन हाताळतं, आणि बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. मुलं सभ्य बोलतात, चिडत नाहीत. प्रिंटर मात्र रिमोटने सुटत नाही, त्यासाठी माणूस यावाच लागतो. करारात महिन्याला किती वेळा प्रत्यक्ष येणार, हे आधी लिहून घ्या.

खरी खटकलेली गोष्ट म्हणजे ‘चार तासांत प्रतिसाद’. आमचं इंटरनेट पूर्ण बंद होतं आणि त्यांच्या नोंदीत प्रतिसाद वेळेत दिलेला होता, कारण तिकीट मिळाल्याचा निरोप कुणीतरी पाठवला होता. दुरुस्ती कधी होणार याबद्दल करारात एक ओळही नव्हती. सहाव्या महिन्यात बसून ते बदलून घेतलं. आता सगळं ऑफिस थांबलं असेल तर एक वेळ, एका माणसाचं काम अडलं असेल तर वेगळी, नुसती गैरसोय असेल तर आणखी वेगळी. आणि प्रत्येकात काम सुरू कधी होणार आणि पूर्ण कधी होणार, दोन्ही लिहिलेलं. तसंच ९९.९ टक्के सर्व्हर चालू राहील, हे वाचायला फार छान वाटतं. हिशेब केला तर वर्षाला पावणेनऊ तास बंद पडायला त्यात मुभा आहे, आणि आधी कळवून केलेली देखभाल बहुतेकदा त्यात धरतच नाहीत.

अपडेटवरून सुरुवातीला ऑफिसात बरीच कुरकुर झाली. भर दुपारी मशीन रीस्टार्ट व्हायची. काहींनी तर अपडेट बंदच करून टाका म्हणून सांगितलं. मी ते ऐकलं नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणाऱ्या प्रोग्रॅमने, जगभर धुमाकूळ घातला तेव्हा तो ज्या त्रुटीतून शिरत होता तिच्यावरचा मायक्रोसॉफ्टचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच आलेला होता. तो ज्यांनी टाकला नव्हता ते सापडले. आता अपडेट आधी दोन मशीनवर जातात, दोन दिवस काही बिघडलं नाही तर रात्री बाकीच्यांवर. महिनाअखेरीचे तीन दिवस हात लावायचा नाही.

आता बॅकअप. यासाठीच तर करार केला होता. रोज सकाळी ‘बॅकअप यशस्वी’ असा मेल यायचा आणि मी निर्धास्त होते. पाचव्या महिन्यात सहज म्हणून सांगितलं, मागच्या मंगळवारचा हिशेबाचा डेटा दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवा. उघडला नाही. सॉफ्टवेअर चालू असतानाच त्याच्या डेटाबेसची फाइल कॉपी होत होती, त्यामुळे कॉपी अर्धवट अवस्थेतली यायची. फाइल आहे, आकारही बरोबर, पण निरुपयोगी. त्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला. पाच महिने आम्ही परत त्याच जागी उभे होतो.

त्यांनी चूक लगेच मान्य केली, हे सांगायला हवं. आता रात्री आधी सॉफ्टवेअर स्वतःचा बॅकअप काढतं आणि मग त्या फाइलची कॉपी होते. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक ऑफिसच्या बाहेर. सतत जोडलेल्या ड्राइव्हवर आता भिस्त नाही, कारण रॅन्समवेअर आलं तर जोडलेली ड्राइव्हही तेच लॉक करतं. आणि दर तीन महिन्यांनी डेटा परत उघडून दाखवायचा, हे करारात घातलं.

एक भीती अजून आहे. ज्या सॉफ्टवेअरने ते आमची सगळी मशीन सांभाळतात, त्यातूनच कुणी आत शिरलं तर? जुलै २०२१ मध्ये कासेया कंपनीच्या अशाच सॉफ्टवेअरमधून हल्ला झाला आणि स्वीडनमधल्या कूप साखळीची शेकडो दुकानं बिलिंग बंद पडल्यामुळे बंद ठेवावी लागली. त्या दुकानांची स्वतःची काही चूक नव्हती. म्हणून मी विचारलं, तुमच्याकडे आमच्या मशीनचा ॲक्सेस नेमका किती जणांना आहे? उत्तर आलं, सगळे एकच लॉगिन वापरतात. ते बंद करायला लावलं. आता प्रत्येक टेक्निशियनचं वेगळं लॉगिन, मोबाइलवर दुसरी खातरजमा, आणि कोण कधी आत आलं याची नोंद दर महिन्याला आम्हाला मिळते. मागितल्याशिवाय यातलं काही मिळालं नसतं.

तीन-चार माणसांचं काम असेल आणि सगळं क्लाउडवरच असेल, तर मासिक कराराची गरज वाटत नाही. एकदा नीट मांडणी करून घेतली आणि गरजेला बोलावलं तरी भागेल. दहाच्या पुढे माणसं गेली की मात्र मी करारच सुचवेन.

आम्ही करार पुढच्या वर्षासाठी वाढवला आहे. सोडायचं झालं तर यादी, पासवर्ड आणि बॅकअप तीस दिवसांत आमच्या हवाली करायचे, हे एक कलम नवीन घातलं. हिशेब बघणारा सहकारी आता महिनाअखेरीला वेळेवर घरी जातो. डेटा उघडून दाखवण्याची पुढची तारीख ठरली आहे. कुठल्या दिवसाचा डेटा मागायचा ते मी त्याच सकाळी सांगणार आहे.