तीनशेच्या आतला टॅरोचा कॅट: आधी पाच नंबरचं पान बघा

ऑनलाइन तीनशे रुपयांच्या आत मिळणारा हा कॅट, म्हणजे प्रश्न विचारून अर्थ लावायच्या टॅरो पत्त्यांचा जोड, रायडर-वेट-स्मिथ या प्रसिद्ध टॅरो कॅटाची नक्कल. सोबत मराठी पत्रक येतं, म्हणून बेळगाव-खानापूरकडच्या नवशिक्यांना तो सोयीचा वाटतो. ७८ पानं पुरी भरतात, दुबार एकही नाही. तरी पाकीट फोडल्यावर पहिल्यांदा पाच नंबरचं पान, हायरोफंट म्हणजे धर्मगुरू, काढा. परंपरा आणि अधिकाराच्या या पानात बारकावे इतके, की छपाईतली लबाडी तिथंच उघडी पडते.

मूळ कॅटाच्या चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांच्या १९०९ सालच्या चित्रात दोन करड्या खांबांमध्ये धर्मगुरू बसलाय. तिहेरी मुकुट, डाव्या हातात तीन आडव्या दांड्यांचा क्रूस. उजव्या हाताची दोन बोटं वर, दोन मिटलेली: काही शिकवण उघड, काही राखून ठेवलेली. समोर मुंडन केलेले दोन शिष्य, एकाच्या झग्यावर गुलाब, दुसऱ्याच्या लिली. पायाशी दोन किल्ल्या. या कॅटात मराठी नावाची पट्टी इतकी रुंद घेतलीय, की किल्ल्या अर्ध्याच उरल्यात. गुलाब-लिलीचे नुसते ठिपके. आत कोणाला घ्यायचं हे ठरवणाऱ्याच्या किल्ल्याच गेल्या, तर पानात राहिलं काय?

पत्रक त्याहून डोकं फिरवतं. सुलट: परंपरा, अधिकार, विवाह. उलट, म्हणजे पान डोकं खाली करून आलं तर: बंडखोरी. संपलं! एवढ्यावर सीमाभागात बसलात तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल: "पोराला मराठी शाळेत घालू का कन्नड?" परंपरा धरली तर घरची मराठी, अधिकार धरला तर कचेरीतली कन्नड. चित्रात दोन्ही एकाच आसनावर, इथं मात्र दोघांची दारं वेगळी. मग शेजारची पानं बघायची. चार नंबरचा एम्परर (सम्राट) लागून आला तर नियम, कागदपत्रं, टेबलामागचा साहेब. टेन ऑफ पेंटॅकल्स (दहा नाण्यांचं पान) आलं तर आजोबा, घर, वाटणी. थ्री ऑफ पेंटॅकल्स, कारागिराचं पान, असेल तर आधी शिकवणारा कसा आहे ते विचारा, माध्यमाचं मागाहून. शाळा घरच्यांनीच ठरवायची. कोणाचा शब्द चालतोय, एवढंच पान दाखवतं.

उलट पडलं की बंडच, असंही नाही. पुष्कळदा ते अर्धवट सल्लागाराचं पान असतं, किंवा कारण विसरून चालू ठेवलेल्या रिवाजाचं. पंधरा नंबरचा डेव्हिल (सैतान) सोबत आला तर दोन्ही पानं शेजारी धरा. मांडणी तीच: एक वर, दोघं खाली, उजवा हात उचललेला. फक्त डेव्हिलपुढच्या दोघांच्या गळ्यात साखळ्या, त्याही सैल. पत्रकात याचा उल्लेखही नाही.

कागद पातळ. बेळगावच्या पावसाळी दमट हवेत पानं चिकटतात आणि पिसताना दोन-दोन एकत्र येतात. तीन पानांच्या मांडणीत चौथं खाली दडलं तर पत्ताही लागत नाही, म्हणून मांडताना प्रत्येक पान बोटांत चोळून बघा. कॅटाला रबरबँड लावू नका, कडा मुडपतात; कापडात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा.

शिकण्यापुरता चालेल, पत्रक बाजूला ठेवून. पैसे घेऊन सांगणाऱ्यांनी मात्र साधारण ७ बाय १२ सेंटिमीटरचा मूळ मापाचा कॅट घ्यावा. या स्वस्त कॅटाच्या पाठीची नक्षीही एकतर्फी आहे. पान उलट येणार हे उघडण्याआधीच समोरच्याला दिसतं.