दोन ऑफर हातात आहेत: संकटात कोणतं विद्यापीठ कामी येईल?

परदेशातल्या दोन विद्यापीठांची ऑफर लेटर समोर ठेवून लोक फी, रँकिंग, स्कॉलरशिप आणि नोकरीची शक्यता यांचा हिशोब मांडतात. उद्या सीमा बंद झाल्या, युद्ध पेटलं किंवा व्हिसाचे नियम रातोरात बदलले तर या दोघांपैकी कोण आपल्या पाठीशी राहील, हा रकाना मात्र बहुतेकांच्या तक्त्यात नसतो. माहितीपत्रकातली ‘२४ तास हेल्पलाइन’ वाचून तो भरता येत नाही. आधीच्या संकटांत कोण कसं वागलं हे पाहिलं, तर बराचसा भरता येतो.

पाठवलेले आणि आलेले

विद्यापीठ ज्यांना बाहेर पाठवतं (एक्स्चेंज, फील्डवर्क, परिषदा) आणि ज्यांना आत घेतं (पूर्ण पदवीसाठी आलेले परदेशी विद्यार्थी), त्यांच्याबाबत त्याची जबाबदारी वेगवेगळी असते. पाठवलेल्यांसाठी यंत्रणा सहसा चोख असते. प्रवासाची नोंद, गटविमा, परदेशात वैद्यकीय आणि सुरक्षेची मदत पुरवणाऱ्या इंटरनॅशनल एसओएससारख्या कंपनीशी करार, आणि धोका वाढला की परत बोलावणं. कोविडची साथ पसरली तेव्हा, १९ मार्च २०२० ला, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सगळ्या जगासाठी चौथ्या, म्हणजे सर्वोच्च पातळीचा इशारा दिला. तोवर बऱ्याच विद्यापीठांनी आपली मुलं माघारी बोलावलीही होती. युरोपात इरास्मस या युरोपीय संघाच्या एक्स्चेंज योजनेतल्या विद्यार्थ्यांसाठी युरोपीय आयोगाने आकस्मिक आपत्तीचं कलम लावलं, त्यामुळे अर्धवट सोडून परतणाऱ्यांच्या जादा खर्चाची सोय होऊ शकली.

आलेल्यांचं चित्र उलटं असतं. त्यांचं त्या शहरातलं घर म्हणजे हॉस्टेलची खोली, आणि संकट आलं की विद्यापीठ सगळ्यात आधी तीच रिकामी करायला सांगतं. म्हणून एका सत्राच्या एक्स्चेंजला जाणाऱ्याने मूळ विद्यापीठाचा विमा आणि परत बोलावण्याचे नियम तपासावेत. पदवीला जाणाऱ्याने पुढचं सगळं वाचावं.

छप्पर

हार्वर्डने १० मार्च २०२० ला, मंगळवारी सकाळी, विद्यार्थ्यांना ई-मेल पाठवला: रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत हॉस्टेल सोडा. म्हणजे हातात पाच दिवस. ज्यांना मायदेशी परतणं शक्य नव्हतं त्यांनी राहू देण्यासाठी अर्ज करायचा होता. विद्यापीठाकडे अब्जावधी डॉलरचा निधी असूनही पहिला आदेश ‘निघा’ असाच होता, आणि सवलत नंतर, मागितल्यावर. एवढ्या श्रीमंत संस्थेची ही तऱ्हा, तर मध्यम विद्यापीठाकडून जास्त अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

ब्रिटनमध्ये उलटी तक्रार होती. तिथे मुलं हॉस्टेलात राहिली, भाडं भरत राहिली आणि अडकली. नोव्हेंबर २०२० मध्ये इंग्लंडचं दुसरं लॉकडाऊन सुरू झालं त्या दिवशी मँचेस्टर विद्यापीठाने फॅलोफील्डच्या हॉस्टेलांभोवती उंच कुंपण घातलं. विद्यार्थ्यांनी ते त्याच संध्याकाळी पाडलं. पुढे विद्यार्थ्यांनी भाडं न भरण्याचं आंदोलन केलं आणि विद्यापीठाला त्या सत्राचं तीस टक्के भाडं सोडावं लागलं.

दोन्हींत निवड करायची तर मी अडकवणारं हॉस्टेल घेईन. भाड्यावर भांडता येतं, रस्त्यावर आल्यावर भांडायला बळ उरत नाही. त्यामुळे करारातली एकच ओळ शोधा: सुट्ट्यांत आणि आणीबाणीत खोली तुमच्याकडे राहते का, आणि ती काढून घ्यायची झाली तर किती दिवसांची नोटीस मिळते.

व्हिसाचे कागद

इथे श्रीमंत अमेरिकन विद्यापीठं आपली किंमत दाखवतात. ६ जुलै २०२० ला अमेरिकेच्या इमिग्रेशन यंत्रणेने जाहीर केलं, की पूर्ण ऑनलाइन शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही. ८ तारखेला हार्वर्ड आणि एमआयटी बॉस्टनच्या फेडरल कोर्टात गेले, १४ तारखेला सरकारने आदेश मागे घेतला. २२ मे २०२५ ला सरकारने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवानाच काढून घेतला, तेव्हाही विद्यापीठाने दुसऱ्याच दिवशी दावा लावला आणि त्याच दिवशी तात्पुरती स्थगिती मिळवली. त्या वेळी तिथे सुमारे ६,८०० परदेशी विद्यार्थी होते, एकूण संख्येच्या चौथ्या हिश्शाहून अधिक. एकट्या विद्यार्थ्याला चोवीस तासांत एवढा मोठा वकील उभा करता येणं अशक्यच.

पण हा विजय कोणाच्या वाट्याला आला तेही पाहा. २०२० मध्ये आधीपासून शिकत असलेले वाचले. नव्याने प्रवेश घेतलेल्यांना पूर्ण ऑनलाइन वर्गांसाठी देशात येऊ देणार नाही, असं सरकारने जुलै संपण्याआधीच स्पष्ट केलं, आणि हार्वर्डच्या परदेशी नवागतांना पहिलं सत्र घरूनच काढावं लागलं. एप्रिल २०२५ मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांचा व्हिसा-दर्जा नोंदवणारी सरकारी यंत्रणा) नोंदी अचानक रद्द झाल्या, तेव्हा कित्येक विद्यापीठांना त्याचा पत्ता स्वतःहून यादी उघडून पाहिल्यावरच लागला. जिथे अंतरराष्ट्रीय कार्यालयातलं कोणी तरी रोज ती यादी चाळत होतं, तिथल्या मुलांना लवकर कळलं. रँकिंगमध्ये न दिसणारा हा फरक आहे.

कॅनडात कोर्टाची गरज कमी पडली, कारण सरकारनेच नियम सैल केले. घरी बसून ऑनलाइन घेतलेलं शिक्षण पदवीनंतरच्या वर्क परमिटसाठी धरलं गेलं. आधीच्या बारा महिन्यांत ५,००० डॉलर कमावलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना महिन्याला २,००० डॉलरचा आणीबाणी भत्ताही मागता आला. विद्यापीठाचं यात फारसं कर्तृत्व नाही, पण विद्यार्थ्याला त्याने काय फरक पडतो?

पैसा

ऑस्ट्रेलिया आणि जर्मनी शेजारी ठेवले की मुद्दा उघड होतो.

ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांचा गाडा परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर चालतो. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनहून येणाऱ्यांना बंदी झाली तेव्हा मेलबर्न विद्यापीठाने अडकलेल्यांना साडेसात हजार ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत मदत देऊ केली. ग्राहक टिकवायची धडपड म्हणा हवं तर, पण पैसे खरे होते. त्याच देशाच्या पंतप्रधानांनी ३ एप्रिलला सांगितलं, की ज्या पाहुण्यांना आणि विद्यार्थ्यांना स्वतःचा खर्च भागवता येत नाही त्यांनी आपापल्या देशी जावं. पगार टिकवण्यासाठीच्या सरकारी योजनेतून तात्पुरत्या व्हिसावरचे लोक वगळले गेले. परदेशी विद्यार्थ्यांसाठी सीमा उघडली ती थेट १५ डिसेंबर २०२१ ला. मदतनिधी उदार, दार बंद. पदवीचा मोठा भाग लॅपटॉपवर गेलेल्याला त्या निधीचं कौतुक किती असणार?

जर्मनीत विद्यापीठ तुमच्यासाठी भावनिक पत्रं लिहीत बसत नाही. काम असतं ते विद्यार्थी-सेवा संस्थांचं, जिला तिथे श्टुडीरेन्डेनवेर्क म्हणतात: हॉस्टेल, मेस, सल्ला. जून २०२० पासून केंद्र सरकारचा मदतनिधी याच संस्थांमार्फत वाटला गेला. महामारीमुळे कमाई बुडाली आणि खात्यात ५०० युरोंपेक्षा कमी उरले असतील, तर शिल्लक पाहून महिन्याला १०० ते ५०० युरो, परत न करण्याच्या बोलीवर, परदेशी विद्यार्थ्यांनाही. रक्कम तुटपुंजी आहे. अर्जाला बँक स्टेटमेंट जोडा, महिनोमहिने पुन्हा अर्ज करा, हा व्यापही आहे. पण बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसल्याने महिन्याचा बुडणारा आकडाच लहान असतो. पाठीशी घरचा मोठा पैसा नसेल, तर माझं मत जर्मनीकडे झुकतं.

शिक्षण तुटलं तर

युद्ध आणि नैसर्गिक आपत्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २००५ च्या कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्सच्या तुलेन विद्यापीठाने सबंध सत्र बंद ठेवलं, त्याचे विद्यार्थी इतर विद्यापीठांत पाहुणे म्हणून शिकले आणि जानेवारी २००६ मध्ये परतले. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतर क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठाने तंबूंत वर्ग भरवले, ऑक्सफर्डने त्याचे ४२ विद्यार्थी एका सत्रासाठी घेतले. जिची देवाणघेवाण आधीच सुरू आहे, अशा संस्थेला संकटात मित्र लवकर सापडतात.

युद्धात विद्यापीठाचा हात तोकडा पडतो. मार्च २०२२ च्या पहिल्या आठवड्यात युक्रेनमधल्या सुमी शहरात हॉस्टेलांचं पाणी बंद झालं तेव्हा विद्यार्थी बादल्यांत बर्फ भरून वितळवत होते. त्यांची सुटका झाली ती ८ मार्चला, सरकारांनी मानवतावादी मार्ग ठरवल्यावर, बसने पोल्टावाला. अशा वेळी दूतावास किती हालचाल करतो यावर सगळं असतं. दूतावासाकडे नावनोंदणी करून ठेवण्याचं कष्टाचं काम विद्यार्थ्याने पहिल्याच आठवड्यात उरकावं.

डॉक्टरकी शिकणाऱ्यांना आणखी एक फास असतो. चीनने मार्च २०२० मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी दार लावलं ते ऑगस्ट २०२२ पर्यंत. विद्यापीठं ऑनलाइन शिकवत राहिली, पण भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने निव्वळ ऑनलाइन शिक्षण मान्य करणार नसल्याचं सांगितलं. युक्रेनच्या बाबतीत त्याच आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये तात्पुरतं दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिकायला मुभा दिली. वैद्यकीय प्रवेशात विद्यापीठाच्या आश्वासनापेक्षा मायदेशच्या आयोगाचा नियम वजनदार आहे, आणि तो फी भरण्याआधी वाचायचा असतो.

मग कोणतं?

एकटं, पहिल्यांदा बाहेर जाणारं अठरा वर्षांचं मूल असेल तर छपराचा करार पाहा, बाकी सगळं नंतर. अमेरिका ठरलीच असेल, तर दोन ऑफरींपैकी जिच्या मागे खटला लढण्याची ताकद आणि इतिहास आहे ती निवडा. रँकिंगमधला पाचदहा जागांचा फरक त्यापुढे क्षुल्लक आहे. कर्ज काढून जाणाऱ्याने, पदवीनंतरच्या कामाच्या परवान्यावर सगळी भिस्त असलेल्याने, विद्यापीठाआधी देशाचा २०२० ते २०२२ मधला वर्तनाचा दाखला तपासावा. विम्यात ‘युद्ध’ बहुतेकदा वगळलेलं असतं, हे बहुतेकांना पॉलिसी उघडेपर्यंत ठाऊक नसतं, आणि मदत-कंपनीचं सदस्यत्व म्हणजे विमा नव्हे. तेही दोन्ही ठिकाणी विचारा.

दोन्ही अंतरराष्ट्रीय कार्यालयांना एकच ई-मेल पाठवा. मार्च २०२० मध्ये घरी जाऊ न शकलेल्या विद्यार्थ्यांना तुम्ही कुठे ठेवलं, किती दिवस, आणि भाडं कोणी भरलं? एका ठिकाणाहून दोन दिवसांत आकड्यांसकट उत्तर येईल, दुसरीकडून ‘विद्यार्थ्यांचं हित आमच्यासाठी सर्वोच्च’ असं पत्र येईल. डिपॉझिट पहिल्या ठिकाणी भरा.