खाजगी तुरुंग, अमेरिका: स्वस्त पडतं म्हणून घेतलेली सर्व्हिस (५ पैकी १ स्टार)

तुरुंगाचा कुठे रिव्ह्यू असतो का असं विचाराल, तर ही परवानगी धंदा काढणाऱ्यानेच देऊन ठेवलीय. १९८३ साली टेनेसीत नॅशव्हिलला करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका नावाची कंपनी निघाली, २०१६ पासून तिचं नाव कोअरसिव्हिक. तिच्या संस्थापकांपैकी एक टॉम बीझली, त्यांनी एका बिझनेस मासिकाला सरळ सांगितलं होतं की हे विकायचं म्हणजे गाड्या, घरं नाहीतर हॅम्बर्गर विकल्यासारखंच विकायचं. आता हॅम्बर्गरसारखं विकलंय म्हणल्यावर रिव्ह्यूही हॅम्बर्गरसारखा मिळणार, त्याला माझा नाइलाज आहे.

मी गिऱ्हाईक कसा, तर टॅक्स भरतो म्हणून. आत बसायची वेळ आलेली नाही, देवाची कृपा. पण मागच्या महिन्यात एका शनिवारी बाहेरच्या बाकावर बसायची आली. ऑफिसात माझ्या शेजारी साठीच्या पुढच्या एक बाई बसतात, त्या मला हनी म्हणतात आणि मी त्यांना मनातल्या मनात मावशी म्हणतो, त्यांचा मुलगा दीड तासावरच्या एका खाजगी तुरुंगात आहे. त्यांची गाडी गॅरेजला होती, सोडशील का म्हणाल्या, म्हणलं चला. राज्य कुठलं, कंपनी कुठली ते लिहीत नाही कारण मुलगा अजून आतच आहे.

तर मावशींनी आदल्या दिवशी बँकेत जाऊन क्वार्टरचे, म्हणजे पंचवीस सेंटच्या नाण्यांचे, दोन रोल आणले होते, ते सुटे करून पारदर्शक झिपच्या पिशवीत भरलेले, कारण पर्स आत नेता येत नाही आणि व्हिजिटिंग रूममधल्या मशीनमधून मुलाला चिप्स आणि कोल्ड्रिंक घेऊन द्यायचं असतं. पायात कुठले बूट चालतात, ब्लाऊजचा गळा केवढा चालतो हे सगळं त्यांना पाठ. गेटवर मोठा बॅनर, आम्ही भरती करतोय, जॉईन झाल्या झाल्या बोनस. त्याचा एक कोपरा सुटून वाऱ्याने सारखा फडफडत होता. आत नाव लिहिलं, आयडी दिला, बसलो. दोन तास. आमच्या पुढे एक जोडपं तीन पोरं घेऊन आलेलं, त्यातलं धाकटं झोपूनही गेलं. मग काचेमागचा एक मुलगा, विशीतला असेल, बाहेर आला आणि म्हणाला आज स्टाफ कमी आहे, व्हिजिट कॅन्सल. सॉरीही म्हणाला बिचारा, त्याची काय चूक, त्याच्या डोळ्यांवरूनच दिसत होतं की ह्याची डबल शिफ्ट चालू आहे.

परत येताना मावशी काही बोलल्या नाहीत. हायवेला लागल्यावर एकदाच म्हणाल्या, गेल्या महिन्यातही असंच झालं.

त्या रात्री मी वाचायला बसलो आणि दोन आठवडे वाचतच होतो, बायको म्हणाली परीक्षा आहे का. तर आता क्वालिटी, किंमत आणि सुपरव्हिजन, जसं जमेल तसं सांगतो.

किंमत आधी, कारण सगळी जाहिरात तिच्यावरच आहे. सरकारने स्वतः तुरुंग चालवण्यापेक्षा आम्ही स्वस्तात चालवतो, माणशी रोजचा इतका रेट, तुम्ही फक्त माणसं पाठवा. ऐंशीच्या दशकात इथले तुरुंग तुडुंब भरलेले, बांधायला सरकारांकडे वेळ नाही, त्यामुळे ऑफर गोडच होती. आणि फास्ट सर्व्हिस म्हणाल तर खरंच फास्ट, १९८४ मध्ये ह्या कंपनीने ह्यूस्टनला चक्क एक मोटेल भाड्याने घेऊन त्यात इमिग्रेशनवाल्यांनी पकडलेले लोक ठेवले होते. पुढच्याच वर्षी टेनेसीचे सगळेच्या सगळे तुरुंग आम्हाला चालवायला द्या अशी ऑफरही देऊन झाली, ती राज्याने घेतली नाही.

पण स्वस्त पडलं का? १९९६ मध्ये संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या ऑफिसने, जीएओने, तोवरचे पाच अभ्यास समोर ठेवून बघितले आणि म्हणाले यावरून बचत होते असं काही म्हणता येत नाही. २००१ मध्ये न्याय खात्यासाठी झालेल्या अभ्यासात तर असं निघालं की वीस टक्के बचतीची भाषा होती आणि हातात पडली साधारण एक टक्का, आणि तो एक टक्काही मुख्यतः पगारावर कमी खर्च केल्यामुळे. हे वाचलं आणि मला तो बॅनर आठवला. तुरुंगाच्या खर्चात मोठा वाटा माणसांच्या पगाराचाच असतो, डाळीत पाणी घालून किती वाचणार, वाचवायचं तर गार्ड कमी ठेवायचे, नाहीतर कमी पगारात ठेवायचे आणि ते सोडून गेले की परत बॅनर लावायचा.

ॲरिझोनात तर कायदाच होता की खाजगी तुरुंग सरकारीपेक्षा स्वस्त असला पाहिजे आणि तशी तुलना करून दाखवायची. राज्याच्या तुरुंग खात्याने हिशेब केला तर फार काही स्वस्त पडत नव्हतं, काही ठिकाणी उलट महागच. आणि तेही खाजगीवाले मोठ्या आजाराचे, जास्त औषधपाण्याचे कैदी घेत नाहीत, ते सरकारच्याच गळ्यात राहतात, हे धरून. म्हणजे धडधाकट तेवढे निवडून न्यायचे आणि वर माझा रेट बघा कसा कमी म्हणायचं. मग २०१२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने काय केलं असेल? ती तुलना करायची अटच काढून टाकली. काटा वजन कमी दाखवतोय तर काटाच माळ्यावर टाका.

आता गॅरंटीचं ऐका, मला सगळ्यात जास्त डोक्यात गेलेली गोष्ट. आपल्याकडे लग्नात केटरर म्हणतो ना, तीनशे ताटांची गॅरंटी, अडीचशे लोक जेवले तरी पैसे तीनशेचे. इथे तसंच आहे. २०१२ मध्ये ह्याच कंपनीने ४८ राज्यांना पत्र पाठवलं, आमच्याकडे २५ कोटी डॉलर आहेत, तुमचे तुरुंग आम्ही विकत घेतो, तुम्ही वीस वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट करा आणि तुरुंग ९० टक्के भरलेला राहील एवढं बघा. नीट वाचा परत. भरलेला ठेवायची जबाबदारी सरकारची. लग्नात पाहुणे कमी आले तर यजमानाचं नुकसान होतं एवढंच, इथे गुन्हे कमी झाले, लोक कमी आत गेले, तर राज्याला नुकसान. राज्यांनी ते पत्र केराच्या टोपलीत टाकलं म्हणा, पण भरलेल्या बेडची अट काही नवीन नव्हती, २०१३ मध्ये एका संस्थेने ६२ कॉन्ट्रॅक्टं तपासली तर त्यातल्या ६५ टक्क्यांत ८० ते १०० टक्क्यांपर्यंतची गॅरंटी लिहिलेली सापडली.

ह्याचा नमुना बघायचा असेल तर ॲरिझोनातलं किंगमन. २०१० च्या जुलैत तिथल्या खाजगी तुरुंगातून तीन कैदी कुंपण कापून पळाले, अलार्म इतक्या वेळा उगाच वाजायचा की गार्डांनी त्याच्याकडे बघायचंच सोडून दिलेलं. पुढे न्यू मेक्सिकोत सुट्टीवर निघालेल्या एका जोडप्याचा जीव गेला. राज्याने साहजिकच तिथे नवीन कैदी पाठवणं थांबवलं. तर तो चालवणारी कंपनी, ही वेगळी, एमटीसी नावाची, म्हणाली कॉन्ट्रॅक्टमध्ये ९७ टक्के आहे, बेड रिकामे राहिले, पैसे टाका. आणि राज्याने ३० लाख डॉलर दिले. रिकाम्या गाद्यांचे. तिथेच २०१५ मध्ये दंगल झाली तेव्हा कुठे गव्हर्नरने कॉन्ट्रॅक्ट तोडलं आणि दुसऱ्या खाजगी कंपनीला दिलं. हॉल तोच, केटरर दुसरा.

सुपरव्हिजनचं म्हणाल तर आयडाहो. बॉइसीजवळ राज्याचा एक मोठा तुरुंग होता, चालवायला ह्याच पहिल्या कंपनीकडे, आत इतकी मारामारी की कैद्यांनी त्याचं नाव ग्लॅडिएटर स्कूल पाडलेलं. किती गार्ड ड्युटीवर पाहिजेत हे कॉन्ट्रॅक्टमध्ये ठरलेलं, राज्याकडे कागद जायचे, कागदावर सगळे हजर. २०१३ मध्ये कंपनीने कबूल केलं की २०१२ मधल्या सात महिन्यांत जवळपास ४,८०० तासांची हजेरी खोटी होती, जागेवर माणूसच नव्हता. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या मस्टरवर मेलेल्या माणसाची मजुरी निघते त्याला आपण हसतो, इथे अमेरिकेत रिकाम्या खुर्चीचा पगार निघत होता आणि त्या खुर्चीसमोरच्या बराकीत माणसं मार खात होती. कंपनीने दहा लाख डॉलर भरून मिटवलं आणि २०१४ च्या जुलैत राज्याने तो तुरुंग स्वतःकडे घेतला. मला प्रश्न पडला तो असा की राज्याचा माणूस तिथे महिनोन्‌महिने काय तपासत होता, तर उत्तर तेच असणार, कागद.

फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, पातळीवरही तेच. २०१६ च्या ऑगस्टमध्ये न्याय खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने, म्हणजे खात्याच्याच आतल्या तपासनीसाने, १४ खाजगी आणि १४ सरकारी तुरुंग शेजारी ठेवून रिपोर्ट काढला, बहुतेक बाबतीत दरडोई गडबडी खाजगीत जास्त, चोरून आणलेले मोबाईल तर आठपट सापडले. दोन ठिकाणी नवीन आलेल्या कैद्यांना काही गुन्हा न करता शिक्षेच्या कोठडीत ठेवलेलं, कारण काय तर दुसरीकडे बेड नाही. आणि मला त्यातली सगळ्यात आवडलेली, म्हणजे न आवडलेली, गोष्ट म्हणजे देखरेखीला नेमलेल्या सरकारी लोकांच्या हातात जी चेकलिस्ट होती तिच्यात आरोग्याच्या काही मूलभूत गोष्टी प्रत्यक्ष बघायचा रकानाच नव्हता. रकाना नाही म्हणजे टिक नाही, टिक नाही म्हणजे तक्रार नाही. दर वर्षाला माणशी साधारण साडेबावीस हजार डॉलर, सरकारीत साडेचोवीस, पण आतले कैदी वेगळे, सोयी वेगळ्या, त्यामुळे ही तुलना सरळ धरता येत नाही.

त्या रिपोर्टनंतर लगेच न्याय खात्याच्या डेप्युटी ॲटर्नी जनरल सॅली येट्स यांनी ही कॉन्ट्रॅक्टं हळूहळू बंद करा म्हणून आदेश काढला. २०१७ मध्ये नवीन सरकारने तो मागे घेतला. २०२१ च्या जानेवारीत बायडन यांनी परत बंद करायला लावलं. २०२५ च्या जानेवारीत ट्रम्प यांनी पहिल्याच दिवशी ते रद्द केलं. संगीतखुर्ची आहे नुसती. आणि बायडन यांच्या आदेशातही इमिग्रेशनचे डिटेन्शन सेंटर नव्हतेच, ते दुसऱ्या खात्याकडे येतात, आणि तिथले दहातले जवळपास नऊ जण खाजगी कंपन्यांनी चालवलेल्या जागांमध्येच असतात. आपल्या लोकांच्या घरात ग्रीन कार्डच्या गप्पा रोज चालतात, हे मात्र मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

टेनेसीची गंमत राहिली. तिथला कायदा जुना, १९८६ चा, राज्याने एकच तुरुंग खाजगीला द्यायचा. मग बाकीचे कसे झाले? तर राज्य काउंटीशी, म्हणजे तिथल्या जिल्ह्याशी, करार करतं आणि काउंटी कंपनीशी. आपल्याकडे बायकोच्या नावावर कॉन्ट्रॅक्ट घेतात तसं. त्यातला सगळ्यात मोठा हार्ट्सव्हिलचा ट्राउसडेल टर्नर, २०१६ मध्ये सुरू, अडीच हजारांवर बेड. राज्याच्या ऑडिटमध्ये २०१७ ला स्टाफ कमी, २०२० ला स्टाफ कमी, २०२३ ला स्टाफ कमी. दंड होतात, मोठाले होतात. पण दंड कंपनीला होतो आणि आत रात्री बराकीत एकही गार्ड नसतो ते भोगणारा दुसराच असतो, त्याच्या खात्यात त्यातला एक सेंट जात नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये फेडरल न्याय खात्याने तिथे चौकशी सुरू केली.

आता कुणीतरी म्हणणारच की सरकारी काय स्वर्ग आहे का. नाही. कॅलिफोर्नियातला डब्लिनचा बायकांचा फेडरल तुरुंग शंभर टक्के सरकारी होता, तिथे वॉर्डनच कैदी बायकांच्या लैंगिक छळाबद्दल दोषी ठरला आणि २०२४ मध्ये तो तुरुंग बंद करावा लागला. पण तिथे निदान कोणी मला स्वस्त पडेल म्हणून काही विकलं नव्हतं.

आणि खाजगीचं काहीच जमत नाही असंही म्हणवत नाही, न्यूझीलंडमध्ये सर्को नावाची कंपनी ऑकलंडला दोन तुरुंग चालवायची. माउंट ईडनमध्ये कैद्यांच्या फाइट क्लबचे व्हिडिओ बाहेर आले आणि २०१५ मध्ये सरकारने ताबा घेतला. दुसरा ऑकलंड साऊथ, तिथल्या करारात सुटलेले लोक परत आत येण्याचं प्रमाण कमी ठेवलं तर जादा पैसे असं लिहिलंय, तो अजून तिच्याकडेच आहे. स्वयंपाकी एकच, फक्त एका ठिकाणी ताटं मोजायची ठरलेली आणि दुसऱ्या ठिकाणी कोण जेवून धड उठला हेही बघायचं ठरलेलं. इथल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये गाद्या मोजतात, म्हणून गाद्या भरलेल्या मिळतात.

पार्किंग भरपूर आहे. एक स्टार त्याचा.

मावशींची ती क्वार्टरची पिशवी अजून माझ्या गाडीत कपहोल्डरमध्ये आहे. त्यांची गाडी काही अजून आलेली नाही, ह्या शनिवारी परत जायचंय. म्हणलं या वेळी निघायच्या आधी फोन करून विचारू व्हिजिट आहे का. तर म्हणाल्या, मागच्या वेळीही केला होता, हनी.