मातीची तवली: बांगड्याच्या पातळ साराला घ्यावी का?

आठवड्यातून दोनदा मासळी शिजत असेल तर जरूर घ्या. महिन्यातून एकदाच होत असेल तर जाड बुडाचं स्टीलचं पातेलं पुरे.

अर्धा किलो, म्हणजे चारेक मध्यम बांगड्यांना दोन लिटरची, पसरट तोंडाची तवली लागते. उभट भांड्यात तुकडे एकावर एक बसतात आणि खालचे मोडतात. घेताना टिचकी मारून बघा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे. आतून काचेसारखी चकाकणारी घेऊ नका. तसल्या लेपात शिसं असू शकतं आणि आमसुलाच्या आंबटाने ते सारात उतरतं. बूड गोल असल्याने शेगडीवर ती डुगडुगते, खाली लोखंडी कडं ठेवावं लागतं. इंडक्शनवर चालत नाही.

नवी तवली रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, मग तिच्यात भाताची पेज मंद आचेवर अर्धा तास उकळा. पेजेने मातीची छिद्रं बुजतात. एवढं केलं नाही की पहिलं सार बुडातून पाझरतं आणि बोल कुंभाराला लागतो.

वाटणाला अर्ध्या नारळाचं खोबरं, सहा-सात भिजवलेल्या ब्याडगी मिरच्या, चमचाभर धणे, पाव चमचा हळद, अर्धा लहान कांदा. गंधासारखं बारीक वाटा. भरड राहिलं तर चोथा तळाला आणि वर नुसतं पाणी. त्यात अडीच-तीन वाट्या पाणी घाला. सात-आठ तिरफळं (मासळीत घालतात ती मसाल्याची फळं) काळी बी काढून ठेचा आणि तशीच सारात सोडा, वाटणात गेली तर कडवटपणा येतो. फोडणी नाही. मंद आचेवर उकळी आली की मीठ लावलेले बांगडे आणि पाच आमसुलं टाका. आच मोठी केलीत तर तवलीतही सारातला नारळ फुटून पाणी वेगळं होतं, त्याला माती काही करू शकत नाही.

तवलीची खरी गंमत आणि खरा धोका इथेच आहे. गॅस बंद केल्यावरही सार तीन-चार मिनिटं रटरटत राहतं. म्हणून स्टीलमध्ये सात-आठ मिनिटं देत असाल तर इथे पाचव्या मिनिटाला गॅस बंद करा. पातेल्याच्या हिशेबाने शिजवलं की बांगडा कोरडा, चोथट होतो, आणि नव्या तवलीत बहुतेकांचं बिघडतं ते इथेच. डाव घालू नका. फडक्याने काठ धरून तवलीच हलकेच फिरवा.

आंबटाला ॲल्युमिनियमचा येतो तसा धातूचा वास इथे येत नाही. पण तो स्टीललाही येत नाही, हेही खरं.

साबण माती शोषून घेते. भरड मीठ, काथ्या आणि गरम पाणी पुरतं. त्यानंतर कडक ऊन, नाहीतर बुरशी धरते. मासळीचा वास मात्र मुरतोच, तेव्हा वरणाला दुसरी तवली ठेवा.