होलोलेन्स २ मेंटेनन्समध्ये: काही महिन्यांच्या वापरानंतर

प्रेस शॉपमधल्या हायड्रॉलिक पॉवर पॅकच्या (तेलाचा दाब तयार करणाऱ्या संचाच्या) देखभालीसाठी आणि डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलण्याच्या कामासाठी होलोलेन्स २, म्हणजे समोरच्या खऱ्या जागेवर बाण आणि सूचना दाखवणारा मायक्रोसॉफ्टचा चष्मा, काही महिने वापरल्यावर एक मत पक्कं झालं आहे. काम कुठे करायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं, हे हा चष्मा फार चांगलं दाखवतो. सेंटिमीटरच्या आतली अचूकता लागते तिथे त्याच्यावर विसंबू नये. हा फरक सुरुवातीलाच समजून घेऊन काम निवडलं तर खर्च वसूल होतो, नाहीतर चष्मा स्टोअरच्या कपाटात जाऊन बसतो.

मायक्रोसॉफ्टने हा चष्मा फेब्रुवारी २०१९ मध्ये ३,५०० डॉलर किमतीला जाहीर केला आणि २०२४ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं. सुरक्षेचे अपडेट ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत मिळणार आहेत. म्हणजे आज हा अनुभव वाचणारे बहुधा दोन प्रकारचे: ज्यांच्या कारखान्यात आधीच एखादा नग आहे ते, आणि पुढचा कोणता चष्मा घ्यावा हे ठरवणारे. दोघांनाही अडचणी त्याच येणार, कारण त्यातल्या बऱ्याचशा एका कंपनीच्या नसून या तंत्रज्ञानाच्याच आहेत.

वजन ५६६ ग्रॅम. बॅटरी डोक्याच्या मागच्या बाजूला असल्यामुळे भार कपाळावर येत नाही, आणि मागची चकती फिरवून पट्टा नीट आवळला तर वाकून काम करतानाही तो घसरत नाही. नंबरचा चष्मा आत राहतो. काच वर उचलता येते, आणि ही सोय वाटते त्यापेक्षा फार महत्त्वाची आहे: कोणाशी बोलायचं असेल, जिना चढायचा असेल, तर काच वर. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

दिसण्याचा कोन कर्णात ५२ अंश, म्हणजे साधारण ४३ अंश आडवा आणि २९ अंश उभा. कागदावर हे आकडे बरे वाटतात, पण हाताच्या अंतरावर, अर्ध्या मीटरवर, ही खिडकी जेमतेम ४० सेंटिमीटर रुंद आणि २६ सेंटिमीटर उंच उरते. दोन मीटरवर तीच दीड मीटर रुंद आणि एक मीटर उंच होते. त्यामुळे पॅनेलसमोर उभ्या असलेल्या फिटरला डावीकडचा बाण दिसतच नाही, तो मान वळवेपर्यंत त्या बाणाचं अस्तित्वच नसतं. यावर उपाय म्हणजे सूचनेच्या कार्डापासून कामाच्या जागेपर्यंत जाणारी ठिपक्यांची रेघ. मायक्रोसॉफ्टच्या गाइड्स ॲपमध्ये (यात कामाच्या पायऱ्या एकेक करून दाखवता येतात, अशा एका कामाच्या संचाला गाइड म्हणतात) ती आहे, आणि एकही पायरी तिच्याशिवाय ठेवू नये.

प्रतिमेचा फोकस सुमारे दोन मीटरवर पक्का बसवलेला आहे. बाण अर्ध्या मीटरवर दाखवला की दोन्ही डोळे अर्ध्या मीटरवर वळतात, पण डोळ्यातलं भिंग मात्र दोन मीटरसाठी ताणलं जातं. डोळे जड होणं, कपाळ दुखणं याचं मूळ इथे आहे. सव्वा मीटरच्या पुढच्या प्रतिमा डोळ्याला सोसतात, ४० सेंटिमीटरच्या आतल्या दाखवूच नयेत. म्हणून वाचायचं कार्ड दीड-दोन मीटरवर बाजूला ठेवा, आणि हाताजवळ फक्त एक बारीक बाण किंवा वर्तुळ, तेही थोडा वेळ. सलग पंचवीस-तीस मिनिटांनंतर काच वर करून विश्रांती द्यावी.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जागा जुळवण्याची. चष्म्याला यंत्र कुठे आहे ते कळतं क्यूआर कोडवरून. कोडची बाजू किमान ५ सेंटिमीटर हवी, १० सेंटिमीटर ठेवली तर काम सोपं होतं. पण कोड वाचताना एक अंशाचा जरी तिरकेपणा आला, तरी कोडपासून दोन मीटरवरचा बाण साडेतीन सेंटिमीटर सरकतो. कोड अर्ध्या मीटरवर असेल तर तीच चूक नऊ मिलिमीटरच्या आत राहते. व्हॉल्व्ह ब्लॉकवर दोन सोलेनॉइड (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या विजेच्या कॉइल) पाच-सहा सेंटिमीटर अंतरावर असतात. साडेतीन सेंटिमीटर सरकलेला बाण नेमक्या शेजारच्या सोलेनॉइडवर बसतो, आणि बाण इतका ठाम दिसतो की नवीन मुलगा त्यावर शंका घेत नाही.

म्हणून चार नियम पाळावे लागतात. कोड कामाच्या जागेपासून मीटरभराच्या आत, यंत्राच्या न हलणाऱ्या अंगावर, कडक आणि सपाट पत्र्यावर चिकटवलेला हवा; पॅनेलच्या दारावर कधीच नको, दार उघडलं की सगळंच फिरतं. लॅमिनेशन चकचकीत नको, मॅट हवं, आणि कोडभोवतीची पांढरी कड कापू नका. प्रत्येक गाइडची पहिली पायरी तपासणीची असावी: यंत्रावरच्या एखाद्या सहज ओळखू येणाऱ्या बोल्टभोवती हिरवं कडं दाखवायचं, ते बोल्टवर बसलं नाही तर कोड पुन्हा स्कॅन करायचा, मगच पुढे जायचं. आणि बाणासोबत टॅग नंबर (त्या भागावर लावलेल्या ओळखपट्टीवरचा) लिहायचाच. "बाणाने दाखवलेला व्हॉल्व्ह बंद करा" ही सूचना धोक्याची आहे. "टॅग वाचून खात्री करा, मग बंद करा" ही बरोबर.

एका रांगेत सारख्या पाच प्रेस उभ्या असतील तर आणखी एक पेच येतो. चष्मा चार कॅमेऱ्यांनी आसपासच्या खुणा पाहून स्वतःची जागा ठरवतो, वायफायच्या सिग्नलचीही मदत घेतो. दोन कोपरे सारखे दिसले की तो तीन नंबरच्या प्रेसला चार नंबरची समजू शकतो. प्रत्येक यंत्राला वेगळा कोड आणि वेगळं गाइड द्या, खांबांवर वेगवेगळे मोठे फलक लावा. गोंधळ झालाच तर सेटिंग्जमध्ये जाऊन साठवलेले होलोग्राम काढून टाका आणि यंत्राभोवती सावकाश एक फेरी मारून जागा नव्याने ओळखू द्या. कोऱ्या पांढऱ्या भिंती, काच, चकाकणारा पत्रा आणि सतत हलणारे फोर्कलिफ्ट यांच्यात त्याला जागा पकडायला त्रास होतो. प्रकाश ५०० ते १,००० लक्स (उजेड मोजायचं एकक) असावा. उघड्यावर, दुपारच्या उन्हात प्रतिमा पुसट होते आणि जागा धरणंही बिघडतं.

उन्हाळा हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रश्न. चष्म्यासाठी दिलेली तापमानाची मर्यादा १० ते २७ अंश सेल्सिअस आहे. चाकण-भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी काय तापमान असतं ते सांगायला नको. तापल्यावर चष्मा इशारा देतो, ॲप बंद करतो, आणि तरीही चालवत राहिलं तर स्वतःच बंद होतो. सगळ्यात जास्त तापवणारं काम व्हिडिओ कॉलचं, कारण कॅमेरा, एन्कोडिंग आणि वायफाय तिन्ही एकदम चालतात. पॉवर बँक लावून वापरलं तर चार्जिंगची उष्णता त्यात मिळते. मार्च ते जूनमध्ये सकाळच्या शिफ्टमध्येच वापर, उजेड कमी ठेवणं, मधल्या वेळात एसी असलेल्या कंट्रोल रूममध्ये ठेवणं, एवढंच हातात आहे. तापलेला चष्मा फ्रीजमध्ये ठेवायचा मोह टाळा, आत हवेतली वाफ थंड होऊन पाणी धरतं. बॅटरी दोन ते तीन तासांची, बदलता येत नाही, म्हणून अख्ख्या शिफ्टसाठी एक नग पुरत नाही.

मराठीचा विषय वेगळा सांगायला हवा, कारण विक्रेते तो काढतच नाहीत. आवाजी आज्ञांच्या भाषांत मराठी नाही. युनिटीत (त्रिमितीय ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) स्वतःचं ॲप बनवायचं म्हटलं तर त्यातला अक्षरं दाखवणारा भाग, टेक्स्टमेशप्रो, देवनागरी नीट जुळवत नाही: पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरं हलन्त होऊन सुटी पडतात. वाचणारा वैतागतो आणि सूचना वाचणंच सोडतो. साधा आणि खात्रीचा मार्ग म्हणजे मराठी मजकूर संगणकावर नीट टाइप करून चित्र म्हणून जतन करणं आणि ते चित्र पायरीला जोडणं. दोन मीटरवर अक्षराची उंची दीड ते दोन सेंटिमीटर ठेवा, मात्रा आणि रफार त्याशिवाय दिसत नाहीत. काळा रंग वापरू नका. हा पडदा फक्त प्रकाश टाकतो, काळं म्हणजे पारदर्शक. गडद निळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं सगळ्यात स्वच्छ दिसतात, बारीक लाल अक्षरं सगळ्यात वाईट. पांढऱ्या मोठ्या पृष्ठभागावर इंद्रधनुषी छटा दिसतात, तो बिघाड नव्हे, वेव्हगाइडचा (प्रतिमा डोळ्यापर्यंत नेणाऱ्या काचेचा) स्वभाव आहे. मराठीत बोललेला तीस सेकंदांचा व्हिडिओ जोडला तर आयटीआयमधून नुकत्याच आलेल्या मुलाला तो कुठल्याही त्रिमितीय मॉडेलपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आणि जिथे हा चष्मा खरोखर चमकतो ते काम म्हणजे सहा महिन्यांतून एकदा येणारं. रोजचं काम फिटरच्या हातात असतं, त्याला बाणाची गरज नाही. पण गिअरबॉक्सचं ऑइल सील बदलणं, सर्वो ड्राइव्ह (मोटरचा नियंत्रक) बदलून त्याचे पॅरामीटर भरणं, अशा कामांचा क्रम कोणाच्याच डोक्यात पक्का नसतो. दोन्ही हात कामात असताना नुसतं "पुढे" या बटणाकडे पाहिलं की पायरी बदलते, तेलकट हाताने कागद उलटावा लागत नाही. यासाठी डोळ्यांचं कॅलिब्रेशन (चष्मा त्या माणसाच्या डोळ्यांशी जुळवणं) मात्र प्रत्येक माणसाचं वेगळं करावं लागतं. दुसऱ्याच्या कॅलिब्रेशनवर काम केलं तर बटण लागत नाही आणि प्रतिमाही हलते. हातमोजे आधी तपासून घ्या. हात ओळखणारा कॅमेरा अवरक्त प्रकाशावर चालतो, त्यामुळे काही काळे किंवा चकाकणारे मोजे त्याला दिसत नाहीत.

दूरच्या तज्ज्ञाला कॉलवर घेऊन पॅनेल दाखवणं हाही मोठा फायदा. त्याने त्याच्या पडद्यावर काढलेलं वर्तुळ इथे टर्मिनलवर दिसतं. चष्म्यात सिम नाही, फक्त वायफाय आहे, आणि पत्र्याच्या शेडमध्ये एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना कॉल अडखळतो. ज्या चार-पाच ठिकाणी हे काम होणार तिथे आधी सिग्नल मोजून घ्या. अंधाऱ्या पॅनेलमध्ये टॉर्च धरल्याशिवाय नेमप्लेट वाचता येत नाही.

सुरक्षेबाबत: काच एएनएसआय झेड८७.१ या डोळ्यांच्या सुरक्षेच्या अमेरिकी मानकानुसार साध्या आघाताला टिकते. ती आर्क फ्लॅश शिल्ड (विजेच्या ठिणगीच्या भडक्यापासून वाचवणारी ढाल) नाही, म्हणून चालू पॅनेल उघडताना चष्मा काढायचा. नेहमीचं हेल्मेट त्यावर बसत नाही, त्यासाठी ट्रिम्बल कंपनीची हेल्मेटला जोडलेली आवृत्ती घ्यावी लागते. लॉकआउटची (काम सुरू करण्याआधी वीज आणि दाब बंद करून कुलूप लावण्याची) पायरी गाइडमध्ये लिहा, पण परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, कागदावरच राहू द्या.

पुढचा पर्याय पाहायचा तर मॅजिक लीप २ या चष्म्याचा कोन ७० अंश आहे आणि डोक्यावर फक्त २६० ग्रॅम येतात, कारण संगणक कमरेला असतो. ज्यांना बाण जागेवर चिकटलेला नको, फक्त व्हिडिओ कॉल आणि चेकलिस्ट हवी, त्यांनी रिअलवेअरसारखा एका डोळ्यासमोर छोटा पडदा असलेला प्रकार घ्यावा. तो हेल्मेटवर बसतो आणि बॅटरी बदलता येते. कॅमेऱ्यातून बाहेरचं दाखवणारे बंदिस्त हेडसेट चालत्या यंत्राजवळ नकोतच, बॅटरी संपली की माणूस आंधळा होतो.

कोणताही घेतला तरी मोठा खर्च सामग्री तयार करण्याचा असतो. वीस पायऱ्यांच्या एका कामाला, कॅड (यंत्राचं संगणकावरचं त्रिमितीय मॉडेल) हलकं करणं, फोटो, मराठी चित्रं आणि जागेवर बाण बसवणं धरून, दोन माणसांचे दोन-तीन दिवस धरा. एका पायरीतल्या मॉडेलचे त्रिकोण (ज्या तुकड्यांनी त्याचा पृष्ठभाग बनतो) लाखाच्या आत ठेवा. मूळ कॅड, त्यावरून बनवलेल्या हलक्या मॉडेलच्या जीएलबी फाइल्स, फोटो, व्हिडिओ आणि पायऱ्यांचा मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि प्रत्येक कोडच्या जागेचं मोजमाप यंत्राच्या ड्रॉइंगवर लिहून ठेवा. चष्मा बदलला की बाणांच्या जागा नव्याने बसवाव्या लागतात, बाकीचं सगळं मात्र तसंच वापरता येतं.