सोलापुरी टॉवेल, तळ्यात पोहणाऱ्यांसाठी

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका जुन्या दुकानातून २८० रुपयांना घेतलेला गडद निळा टेरी टॉवेल, ३० बाय ६० इंची. मला तो हवा होता गावच्या तळ्यावर न्यायला, म्हणून त्याची परीक्षाही तिथेच झाली.

आमच्या तळ्यात म्हशी डुंबतात आणि काठच्या पाणगवताला चपट्या शंखाच्या गोगलगायी चिकटलेल्या असतात. गुरांच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या शिस्टोसोमा स्पिंडेलसारख्या कृमींच्या अळ्या अशाच गोगलगायींत वाढून पाण्यात उतरतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण पोहणाऱ्याच्या अंगाला खाज आणतात. थंड देशांतल्या तळ्यांत हेच काम बदकांच्या कृमी करतात. पोहणाऱ्यांच्या खाजेमागे या अळ्या आहेत हे विल्यम कॉर्ट या परजीवीतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये दाखवलं ते १९२८ साली. अळीला हवी असते म्हैस, पण माणसाची पोटरी सापडली तर ती शेपूट टाकून कातडीत शिरते आणि तिथेच मरते. पुढची खाज ही आपल्या प्रतिकारशक्तीची.

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे एक गोष्ट ठासून सांगते. "सवय झाली की खाज येत नाही" हा काठावरचा सल्ला साफ चुकीचा आहे. सुट्टीत आलेला भाचा माझ्याबरोबर पहिल्यांदाच उतरला. दुसऱ्या दिवशी माझ्या पोटऱ्यांवर टणक लाल पुटकुळ्या, पॅन्टच्या काठापर्यंत. त्याच्या वर, कापडाखाली, एकही नाही. भाचा म्हणाला, "मावशी, मला तर काहीच नाही झालं!" बरोबरच आहे. पहिल्या भेटीत कातडीतल्या पेशी अळीचे तुकडे लसिकाग्रंथीपर्यंत नेतात, तिथे ओळख पटते, आयजीई नावाची, ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडं तयार होतात आणि कातडीतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. बाहेर दिसतात फार तर बारीक ठिपके. पुढच्या खेपेला अळी शिरली की त्याच मास्ट पेशी हिस्टामिन हे खाज आणणारं रसायन सोडतात, अंग चुणचुणतं, मग इओसिनोफिल आणि इतर पांढऱ्या पेशी अळीभोवती जमतात आणि पुटकुळी फुगते. जितकी जुनी ओळख, तितका जोरदार हल्ला. खाजेचा जोर दोन-तीन दिवस, मावळायला आठवडाभर किंवा थोडं जास्तच. एकाची दुसऱ्याला लागत नाही. कॅलामाइन लावावं, नखं आवरावीत. खाजवून जखमा झाल्या तर त्या चिघळतात.

म्हणून पाण्याबाहेर आल्याबरोबर अंग खसखसून पुसणं महत्त्वाचं, आणि इथे हा टॉवेल कामाला येतो. पंचा पाणी टिपतो, पण त्याला घासण्याचा जोर नाही. टेरीत ताणा, म्हणजे उभा धागा, दोन प्रकारचा असतो: एक कापड धरून ठेवतो, दुसरा सैल सोडलेला, त्याचेच दोन्ही बाजूंना लूप उठतात. ते लूप पाणी ओढतात आणि कातडी चांगली घासूनही निघते. आत शिरलेली अळी मात्र कुठलाच टॉवेल काढू शकत नाही, त्यामुळे काठावर ओल्या अंगाने गप्पा मारत बसू नका. आधी पोटऱ्या, मग बाकीचं.

तक्रारीही आहेत. पहिल्या दोन धुण्यांत रंग जातो, बनियनं निळी होतात. सुरुवातीला अंगाला बारीक तंतू चिकटतात. भिजला की जड होतो आणि पावसाळ्यात दोरीवर दोन-दोन दिवस वाळत नाही, कुबट वास धरतो. दुकानातल्या अण्णांनी सांगितलं होतं, "ताई, वापरायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, आणि ते वासाचं कंडिशनर अजिबात घालू नका." त्याने लूपवर थर बसतो आणि टॉवेल पाणी ओढेनासा होतो. अण्णांचं ऐकल्यापासून आमचा टॉवेल पहिल्यापेक्षा जास्त पाणी पितो.

पाचपैकी चार. तळ्यावर नेणार असाल तर पांढरा घ्या, आणि पावसाळ्यासाठी जोडीच घ्या.